तास भरणं वेगळं, अनुभव घेणं वेगळं : विद्यार्थी विकासाच्या कामाची पदव्युत्तर तयारी

(झरी, जि. परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी उपशीर्षकं दिली आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)



विषयाचं नाव जरा जड आहे, म्हणून आधी ते सोपं करून घेऊ. महाविद्यालयात वर्गात जे शिकवलं जातं ते एक काम. पण मूल वर्गापर्यंत पोचावं, तिथं टिकावं, आजारी पडलं तर कुणीतरी विचारावं, शिष्यवृत्ती अडली तर सोडवावी, कुणी त्रास दिला तर ऐकून घ्यावं, हे दुसरं काम. या दुसऱ्या कामाला आपल्या विद्यापीठांमध्ये पूर्वी ‘विद्यार्थी कल्याण’ म्हणायचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये त्यासाठी ‘विद्यार्थी विकास मंडळ’ आहे. शब्द बदलला तो चांगलाच झाला. कल्याण दुसरा कुणीतरी करतो, विकास ज्याचा त्याला करावा लागतो. आपण फक्त वाट मोकळी करून द्यायची.

आता प्रश्न असा, की हे काम शिकायचं कुठं? अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी असते. तिथं या अभ्यासक्रमांसाठी जी व्यावसायिक मानकं आहेत, त्यांत किमान ३०० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि तेही निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडं हे काम करणारी माणसं समाजकार्य, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा वाटांनी येतात. म्हणजे पदवीवर या कामाचं नाव नसतं. म्हणूनच प्रत्यक्ष अनुभवाचं महत्त्व आपल्याकडं जास्त आहे. पदवीच सांगत नाही की याला हे काम येतं, तर मग ते दुसरं कोण सांगणार?

हे काम आपल्याला नवीन नाही

हे पाश्चात्त्य खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर थोडं मागं बघा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. महाराजांनी ओळखलं होतं, की खेड्यातल्या पोराची अडचण बुद्धीची नाही, राहण्या-खाण्याची आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण सगळे जाणतो. ‘कमवा आणि शिका’ याच मातीतून आलं.

आपल्या मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि त्याच्या सोबतीला वसतिगृहं आली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, म्हणजे वसतिगृह आधी आणि विद्यापीठ नंतर! सांगायचं इतकंच, की विद्यार्थ्याच्या राहण्या-जगण्याची काळजी हा शिक्षणाचा जोडधंदा नाही, पायाच आहे.

१२० तासांचं गणित

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी नवी रचना आली, तिच्यात पहिल्या वर्षी कार्यानुभव प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प यासाठी चार श्रेयांक ठेवले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे चार श्रेयांकांचे १२० तास. एम.एस.डब्ल्यू.ला तर आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य पूर्वीपासूनच आहे. समाजकार्याचं शिक्षण आपल्या देशात १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि क्षेत्रकार्य हा त्याचा कणा राहिला आहे.

कागदावर सगळं ठीक आहे. घोळ कुठं होतो? एक पत्र घ्यायचं, ओळखीच्या संस्थेत जायचं, दोन फोटो काढायचे, शेवटच्या दिवशी शिक्का मारून आणायचा. १२० तास भरले! पण मुलाखतीला बसल्यावर समोरचा विचारतो, ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ तेव्हा शिक्का बोलत नाही.

झरीत बसलेल्या लोकांना मी एक ओळखीचं उदाहरण देतो. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गावोगाव येतात. आपण त्यांना कृषीदूत, कृषीकन्या म्हणतो. पुस्तकात त्यांनी बीजप्रक्रिया वाचलेली असते. पण शेतकऱ्यासमोर घमेल्यात बियाणं घेऊन औषध चोळायची वेळ येते आणि तो विचारतो, ‘बाई, हे उगवलं नाही तर?’ तिथं खरं शिक्षण सुरू होतं. कारण आता उत्तराची जबाबदारी तिच्यावर असते. विद्यार्थ्यांच्या कामातही अगदी तसंच आहे.

अनुभव मिळतो कुठं?

चार जागा सांगतो. चारही तुमच्या आसपास आहेत.

पहिली जागा, शिष्यवृत्तीची खिडकी. पुष्कळांना वाटतं हे कारकुनी काम आहे. मी म्हणेन, विद्यार्थी समजून घ्यायची याच्यासारखी दुसरी शाळा नाही. समजा, एका मुलीनं बारावीनंतर प्रवेश घेतला. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. महाडीबीटीवर अर्ज भरायचा तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाईल बापाच्या खिशात, दूर कुठंतरी कारखान्याच्या फडात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायचा आहे. आधारवर नाव एक, टी.सी.वर दुसरं. बँकेचं खातं आहे पण आधारशी जोडलेलं नाही. अर्ज महाविद्यालयाकडून दुरुस्तीसाठी परत आला, त्याचा मेसेजही बापाच्याच मोबाईलवर. मुलीला काहीच पत्ता नाही. मुदत संपली. आता फीसाठी तगादा सुरू होतो, तिला लाज वाटते, ती वर्गात येणं कमी करते. हजेरीपटावर काय दिसतं? ‘अनियमित विद्यार्थिनी’.

बघा, ही मुलगी आळशी नाही. तिची गळती कागदात झाली. त्या खिडकीशी तुम्ही आठवड्यातून सहा तास बसलात, परत आलेल्या अर्जांची यादी काढलीत, एकेकाला गाठून विचारलंत, तर काय होईल? एक तर काही लेकरांचं वर्ष वाचेल. आणि दुसरं, तुम्हाला योजना पाठ होतील. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणखी वेगळा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. छान झालं. पण खोलीभाडं, डबा आणि एसटीचा पास माफ झालेला नाही. फी माफ होऊनही मुलगी का येत नाही, हे ज्याला कळलं त्याला हे काम कळलं.

दुसरी जागा, वसतिगृह. इथं वेळेला किंमत आहे. दुपारी बाराला जाऊन काही दिसणार नाही. मुलं कॉलेजात असतात. संध्याकाळी सात ते नऊ जा. कोण जेवायला येत नाही, कोण एकटंच बसतंय, कुणाच्या खोलीतून सारखी भांडणं येतात, हे त्या वेळी दिसतं. वर्षात तीन काळ नाजूक असतात: पहिला महिना, दिवाळीची सुट्टी संपते तो आठवडा आणि परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस. दिवाळीनंतर कोण परत आलं नाही याची यादी करा आणि प्रत्येकाच्या घरी एक फोन लावा. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणी फडात गेलेलं असतं, कुणाला मेसचे मागचे पैसे भरता येत नाहीत म्हणून तोंड दाखवायला नको वाटतं. फोन लावल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. गृहपालांच्या हाताखाली ही एक जबाबदारी जरी घेतलीत तरी वर्षभराचा अनुभव पदरात पडतो.

तिसरी जागा, राष्ट्रीय सेवा योजना. ही १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास आणि दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. पदवीला असताना तुम्ही शिबिरात श्रमदान केलं असेल, गाणी म्हटली असतील. पदव्युत्तरला तेच शिबिर दुसऱ्या बाजूनं बघा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगा, ‘सर, मला नियोजनात घ्या.’ ग्रामपंचायतीची परवानगी, मुलींची निवास व्यवस्था, पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचाराची पेटी, पालकांची संमतीपत्रं, किराण्याची बिलं. शंभर मुलं सात दिवस सुखरूप राहून घरी पोचवणं सोपं नाही. भाषण देणाऱ्याचं नाव पत्रिकेवर येतं. पण रात्री दोन वाजता ताप आलेल्या पोराला दवाखान्यात कुणी नेलं, ते काम खरं असतं.

चौथी जागा, ऐकून घेण्याची. महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असते, तक्रार निवारण समिती असते, अंतर्गत तक्रार समिती असते. आपल्या राज्याचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ चे. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवड झालेली नसेल तर तक्रारीच्या सुनावणीत तुम्हाला बसता येणार नाही आणि ते बरोबरच आहे. पण नव्या मुलांना हे सगळं समजेल अशा भाषेत सांगणं, हेल्पलाइन नंबर प्रत्येक खोलीत लावणं, कुणाकडं जायचं याचा एक पानाचा तक्ता करणं, हे तुम्ही नक्की करू शकता. नंबर आत्ताच लिहून घ्या: रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८.

तासाचा अनुभव कसा होतो?

जागा मिळाली म्हणजे अनुभव मिळाला असं नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

पहिली, ठरलेलं काम. ‘मी मदत करतो’ म्हणून गेलात तर तुम्हाला झेरॉक्स काढायला पाठवतील. तसं जाऊ नका. एक काम मागून घ्या आणि ते पत्रात लिहून घ्या. ‘परत आलेल्या शिष्यवृत्ती अर्जांचा पाठपुरावा’, ‘पहिल्या वर्षाच्या वसतिगृह विद्यार्थ्यांशी महिन्यातून एकदा संवाद’, असं नेमकं. काम छोटं चालेल, पण ते अडलं तर लोकांनी तुमच्याकडं बघितलं पाहिजे.

दुसरी, विचारणारं माणूस. समाजकार्यात याला पर्यवेक्षण म्हणतात. म्हणजे नुसती सही करणारं माणूस नव्हे. आठवड्यातून अर्धा तास तुमच्यासमोर बसून ‘असं का केलंस? दुसरं काय करता आलं असतं?’ असं विचारणारं माणूस. तुमचे प्राध्यापक असतील, गृहपाल असतील, निवृत्त मुख्याध्यापकही चालतील. एकट्यानं केलेल्या कामात आपली चूक आपल्याला दिसत नाही, आणि इथं चुकीची किंमत दुसऱ्याचं लेकरू मोजतं.

तिसरी, रोजची वही. एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, वेळ, काय काम केलं, काय अडलं, मला काय वाटलं, पुढं काय करायचं. रोज दहा ओळी. विद्यार्थ्याचं नाव लिहायचं नाही. क, ख, ग असं लिहा. तीन महिन्यांनी मागची पानं उलटून बघा. ‘मुलं ऐकतच नाहीत’ असं पहिल्या महिन्यात लिहिलेलं असेल. तिसऱ्या महिन्यात ‘मेसचं बिल सोमवारी लावतात, म्हणून सोमवारी मुलं चिडलेली असतात’ असं लिहिलेलं सापडेल. या दोन वाक्यांमधलं जे अंतर आहे, तोच तुमचा अनुभव.

कुठं थांबायचं?

हा भाग नीट ऐका. तुम्ही शिकाऊ आहात. कुणी रडत रडत सगळं सांगितलं म्हणून तुम्ही समुपदेशक होत नाही. ऐकून घ्या, धीर द्या, आणि योग्य माणसापर्यंत सोबत जा. ‘तू जा तिकडं’ म्हणणं वेगळं आणि ‘चल, मी येतो सोबत’ म्हणणं वेगळं.

गुप्तता पाळायची, पण ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी द्यायचं नाही. जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागतं. आणि अकरावी-बारावीतलं मूल अठराच्या आतलं असतं. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधीच सांगायचं, ‘तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला धोका आहे असं वाटलं तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल.’ मुलं हे समजून घेतात.

आणखी एक. मुलांचे आधार नंबर, ओटीपी, पासवर्ड आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचे नाहीत. मदत करायची ती त्यांच्या हातानं करून घ्यायची. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज त्यालाच भरता आला पाहिजे. नाहीतर आपण मदत करत नाही, नवा दलाल तयार करतो.

याचं पुढं काय?

आई-वडील विचारतात, ‘यातून नोकरी लागंल का?’ प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं मार्गदर्शक सूचना काढल्या, की प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थी आत्महत्यांच्या प्रश्नावर निकाल देताना सांगितलं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं.

उद्याच जाहिराती निघतील असं मी म्हणत नाही. पण गरज मान्य झाली आहे. त्या खुर्चीत कोण बसणार? आपल्या भागातल्या मुलांची भाषा, त्यांची ऊसतोड, त्यांचा एसटीचा शेवटचा टाइम ज्याला माहीत आहे, असं माणूस बसलं तर त्या खुर्चीचा उपयोग. ते माणूस तयार करायची जागा म्हणजे तुमची ही दोन वर्षं.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : आम्ही फुकट का राबायचं? सुट्टीत मजुरीला गेलो तर चार पैसे मिळतात.*

अगदी बरोबर विचारलंत. ज्याच्या घरी चूल मजुरीवर पेटते त्याला मी फुकट काम करा म्हणणार नाही. दोन गोष्टी करा. महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर ग्रंथालय किंवा बागेऐवजी शिष्यवृत्ती विभागात, वसतिगृहात काम मागा. मोबदलाही मिळेल, अनुभवही. आणि जे १२० तास अभ्यासक्रमात करावेच लागणार आहेत, ते वाया घालवू नका. त्याच्या वर एक तासही देऊ नका, हरकत नाही. पण तेवढे खरे करा.

*प्रश्न : आमच्या महाविद्यालयात असा वेगळा विभागच नाही. मग कुठं जायचं?*

विभाग नसेल पण विद्यार्थी तर आहेत ना? शिष्यवृत्तीचं टेबल असतं, रासेयो असते, विद्यार्थी विकासाचं काम बघणारे एखादे प्राध्यापक असतात. त्यांच्याकडं आधीच दहा कामं असतात. तुम्ही एक काम लेखी मागितलंत तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. तेही जमलं नाही तर जवळचं शासकीय वसतिगृह किंवा आश्रमशाळा बघा; तिथं मात्र विभागाची रीतसर परवानगी घेऊनच जायचं.

*प्रश्न (एक पालक) : मुलीला संध्याकाळी वसतिगृहात कामाला पाठवायचं म्हणजे काळजी वाटते.*

काळजी वाटणारच, आणि ती संस्थेनंही करायला पाहिजे. काका, तुम्ही तीन गोष्टी विचारा. नेमणुकीचं पत्र आहे का, मुलींच्या वसतिगृहातच काम आहे का, आणि परतीची सोय काय. शेवटची एसटी सातला असेल तर काम साडेपाचपर्यंतच ठेवा, नाहीतर मुक्कामाची सोय लेखी घ्या. या तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका. पण उत्तर मिळालं तर अडवूही नका. उद्या दुसऱ्यांच्या लेकींची काळजी घेणारी बाई तिथंच तयार होणार आहे.

वेळ संपत आली. जाताना एवढंच करा: येत्या सोमवारी आपल्या महाविद्यालयात जाऊन शिष्यवृत्तीचे किती अर्ज परत आले आहेत ते विचारा. कुणालाच आकडा सांगता आला नाही, तर तुमचं काम तुम्हाला सापडलं.